सहा संघ, एक मैदान आणि आमच्या पोरी

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा, एवढीच विनंती.

४ सप्टेंबर २०२२. रविवार. घरात महालक्ष्म्या बसलेल्या. नैवेद्य झाला, पंगत उठली, बायकांची ओवाळण्याची गडबड सुरू. मी ओसरीवर मोबाइल भिंतीला टेकवून बसलो होतो. पुण्यात बालेवाडीला अल्टिमेट खो-खोची फायनल चालू होती. ओडिशा जगरनट्स विरुद्ध तेलुगू योद्धाज. आयुष्यात पहिल्यांदा खो-खो असा बघत होतो. लाइट, कॅमेरे, मॅट, इंग्रजीत कॉमेंट्री. ज्या खेळासाठी आमच्या शाळेत फक्कीचं एक पोतं अख्खं वर्ष पुरवायचे, तो खेळ सोनीवर!

माझी पुतणी तेव्हा अकरावीला. ती स्वतः खेळायची. पळती म्हणून तिचं नाव होतं, विभागीय स्पर्धेला लातूरपर्यंत जाऊन आलेली. हातातलं ताट तसंच धरून ती माझ्या खांद्यावरून बघत उभी राहिली. दोन-तीन मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, "काका, ह्यात पोरी कुठं हायत?"

मी म्हणालो, "ह्या वर्षी पोरांचीच आहे गं. पोरींची पुढच्या वर्षी काढतील."

हे मी माझ्या मनानंच सांगितलं होतं. तसं कुणीच म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. पोरीची समजूत काढायला माणूस बोलतो, तसं बोललो. ते वाक्य अजून टोचतं, म्हणून आज हे लिहितोय.

आधी तो हंगाम काय होता ते सांगतो, कारण आपल्याकडे तो फार जणांनी पाहिला नाही. १४ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर, तीन आठवडे. सहा संघ: गुजरात जायंट्स, मुंबई खिलाडीज, चेन्नई क्विक गन्स, राजस्थान वॉरियर्स, तेलुगू योद्धाज आणि ओडिशा जगरनट्स. साखळीत प्रत्येकाशी दोनदा गाठ, मग बाद फेरी, असे एकूण ३४ सामने. सगळे एकाच ठिकाणी, बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात. डाबर घराण्यातले अमित बर्मन यांनी भारतीय खो-खो महासंघाला सोबत घेऊन ही लीग उभी केली. संघांचे मालकही तसेच तगडे. गुजरातचा संघ अदानींचा, तेलुगूचा जीएमआरचा. आणि ओडिशाचा संघ? तो चक्क ओडिशा सरकारचा. हे लक्षात ठेवा, पुढे त्यावर येतो.

पैसा क्रिकेटच्या मानानं चिल्लर. वरच्या गटातल्या खेळाडूला ५ लाख, सगळ्यात खालच्या गटाला १ लाख. पण ज्या पोरानं उभ्या जन्मात खो-खोतून ट्रॅकसूट आणि प्रमाणपत्र याशिवाय काही कमावलं नव्हतं, त्याच्यासाठी तीन आठवड्यांचे लाख रुपये म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात सांगायची गरज नाही. एकरातल्या सोयाबीनचा हिशोब प्रत्येकाला तोंडपाठ आहे.

खेळही बदलला होता. आपला खो-खो नऊ जणांचा, नऊ मिनिटांच्या डावाचा. तिथं सात जण आणि सात मिनिटं. आपल्याकडे एक गडी बाद केला की एक गुण. तिथं साध्या बादला दोन, सूर मारून किंवा खांबावर बाद केला तर तीन. पळणाऱ्यांची तुकडी अडीच मिनिटांच्या वर टिकली की त्यांनाही गुण. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे 'वजीर'. आपल्या खो-खोत पाठलाग करणारा एकदा दिशा धरली की मागे फिरू शकत नाही. मधली पाटीही ओलांडू शकत नाही. वजिराला कुठंही वळायची मोकळीक.

आमच्या जुन्या पीटीच्या सरांना मी दुसऱ्या दिवशी फोन केला. सर तापलेच. "मागं फिरला की फाऊल, हे शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली. आता म्हणं वजीर फिरतो. हा खो-खो नव्हं, पकडापकडी हाय." मला ते पटलं आणि नाहीही पटलं. न फिरण्याचा नियम हाच खो-खोचा जीव आहे. एकट्यानं होत नाही म्हणून दुसऱ्याला खो द्यावा लागतो. पण टीव्हीवर बघणाऱ्याला हुलकावणी समजायला डोळे तयार व्हावे लागतात, गुण मात्र लगेच कळतात. लीग काढणाऱ्यांनी तो व्यवहार केला. नियम काही आभाळातून पडलेले नसतात. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं ते पहिल्यांदा बांधले, पुढं बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानं आपले केले, मग अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळानं सुधारले. माती जाऊन मॅट आली तेव्हाही अशीच ओरड झाली होती.

फायनलकडे येतो. शेवटचं मिनिट चालू होतं आणि तेलुगू योद्धाज ४५-४३ असे पुढं. ओडिशाचा आपला मराठी पोरगा सूरज लांडे, त्यानं आकाशीय सूर मारला. गडी बाद. तीन गुण. ४६-४५. एका गुणानं ओडिशा विजेता! ओसरीवर मी एकटाच ओरडलो. बायका दचकून बाहेर आल्या, महालक्ष्म्यांपुढं काय झालं म्हणून.

नंतर विचार केला तेव्हा गंमत कळली. ओडिशाचा दीपेश मोरे, मराठी. तेलुगूचा कर्णधार प्रतीक वाईकर, पुण्याचा. चेन्नईकडून पळणारा रामजी कश्यप आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या वेळापूरचा. म्हणजे मैदान पुण्यात, खेळाडू निम्मे आपले आणि जिंकलं कोण, तर ओडिशा. कारण ज्या राज्याच्या सरकारनं संघ घ्यायची हिंमत केली ते ओडिशा होतं. ज्या महाराष्ट्रात हा खेळ जन्मला, वाढला, त्या राज्याच्या सरकारला एक संघ घ्यावा असं वाटलं नाही. दुसरा हंगाम २४ डिसेंबर २०२३ ते १३ जानेवारी २०२४. तो कुठं झाला? ओडिशात, कटकला. त्यात गुजरातनं चेन्नईला ३१-२६ असं हरवलं. आणि त्यातही पोरी नव्हत्या.

आता आपल्या जिल्ह्याचं बोलू.

बाहेरचे लोक धाराशिव म्हटलं की तीनच गोष्टी सांगतात: आई तुळजाभवानी, दुष्काळ आणि शेळी. २०१८ मध्ये नीती आयोगानं देशातल्या मागास, म्हणजे सरकारी भाषेत 'आकांक्षित' जिल्ह्यांची यादी काढली, त्यात महाराष्ट्रातले चारच जिल्हे होते. नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि आपण. पण खो-खोच्या जगात ह्याच जिल्ह्याचं नाव वेगळ्या आदरानं घेतात, आणि ते मुख्यतः पोरींमुळे.

असं का झालं? मला जे दिसतं ते सांगतो. खो-खोला बॅट लागत नाही, बूट लागत नाहीत, क्लबची फी लागत नाही. दोन खांब, फक्की आणि सकाळी साडेपाचला उठवणारा एक मास्तर लागतो. आणि आपल्या पोरी पळण्यात कमी कधीच नव्हत्या. हंडा घेऊन, शाळा गाठत, एसटी पकडत त्या पळतच मोठ्या होतात. त्यात दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण, आणि पुढं शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण. बापाला पटवायला हे दोन मुद्दे पुरतात. "खेळून काय मिळणार?" ह्या प्रश्नाला पहिल्यांदाच उत्तर होतं.

ह्या सगळ्याचं सगळ्यात मोठं नाव म्हणजे सारिका काळे. प्रशिक्षक डॉ. चंद्रजित जाधव यांच्या हाताखाली तयार झालेली आपली पोरगी. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धा झाल्या, त्यात भारताच्या महिला संघाची ती कर्णधार होती आणि संघानं सुवर्णपदक आणलं. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला तो तब्बल २२ वर्षांनी मिळत होता. तेव्हा तिनं मुलाखतीत सांगितलं होतं, की खेळायला लागल्यानंतरची कित्येक वर्षं घरात एकवेळचंच जेवण होतं. पुढं ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाली.

इथं मला माझी एक चूक कबूल करायची आहे. २०१६ मध्ये मी एका दैनिकात होतो. नाव घेत नाही. गुवाहाटीची बातमी आली तेव्हा मी तिच्यावर बारा ओळी लिहिल्या. पान लागलं तेव्हा सहा उरल्या, त्याही आतल्या पानावर, कोपऱ्यात. मी भांडलो नाही. त्या वर्षी दुष्काळ असा होता की रोज टँकर, चारा छावण्या, आत्महत्या यातून मान वर निघत नव्हती. पुढं दोन महिन्यांनी शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तसा तो काळ. मी स्वतःला सांगितलं, पाण्यापुढं खेळ कसला. पण आज वाटतं, त्याच दिवशी ती खरी पहिल्या पानाची बातमी होती. ज्या जिल्ह्यात प्यायला पाणी नाही, तिथली पोरगी देशाची कर्णधार होऊन सोनं घेऊन येते, ह्याच्याहून मोठी दुष्काळाची बातमी कोणती? चार वर्षांनी अर्जुन मिळाला तेव्हा मात्र आम्ही सगळ्यांनी अर्धं पान केलं. पोरगी तीच होती. पुरस्कारानं आमचे डोळे उघडले, खेळानं नाही.

मग मी विचार करायला लागलो, की लीगनं गावातला खेळ खरंच बदलतो का? त्यासाठी जरा लांब जाऊ, दक्षिण कोरियात.

१९८२ साली तिथं व्यावसायिक बेसबॉल लीग सुरू झाली. बेसबॉल म्हणजे अमेरिकेतून आलेला बॅट-बॉलचाच एक खेळ, आपल्याकडे फारसा कुणी बघत नाही, पण जपान, कोरिया, तैवानमध्ये आपल्या क्रिकेटसारखा घराघरात. तिथंही सुरुवात सहाच संघांनी झाली आणि संघ मोठ्या कंपन्यांचेच होते. सॅमसंग, लोट्टे, अशी नावं. काळही काही चांगला नव्हता. चुन डू-ह्वान नावाचा लष्करशहा सत्तेवर होता. दोनच वर्षांपूर्वी, मे १९८० मध्ये, ग्वांगजू शहरात लोकशाही मागणाऱ्यांवर लष्करानं गोळ्या चालवल्या होत्या. लोकांचं लक्ष राजकारणावरून उडावं म्हणून ही लीग आणली, असं तिथले लोक उघड म्हणत. २७ मार्च १९८२ ला सोलमध्ये पहिला सामना झाला तेव्हा पहिला चेंडू टाकायला खुद्द चुन डू-ह्वान मैदानात उतरला होता. तो सामना जादा डावात गेला आणि एमबीसीच्या संघानं सॅमसंगला ११-७ असं हरवलं.

त्या हंगामात ओबी बेअर्स विजेता ठरला. आणि इंचॉन शहराचा सम्मी सुपरस्टार्स नावाचा एक संघ होता, तो ८० पैकी फक्त १५ सामने जिंकला. पासष्ट हरला! तरी त्या शहरानं त्यांना आजपर्यंत विसरलेलं नाही. का? कारण तो त्यांचा संघ होता.

मुद्दा इथंच आहे. कोरियानं एक गोष्ट पहिल्या दिवसापासून केली. प्रत्येक संघाला एक प्रांत बांधून दिला आणि त्या प्रांतातल्या शाळांतून निघालेल्या पोरांवर त्या संघाचा पहिला हक्क ठेवला. ज्या ग्वांगजूवर गोळ्या झाडल्या, त्या शहराला हायताई टायगर्स हा संघ मिळाला. दुसऱ्याच वर्षी, १९८३ मध्ये, तो विजेता झाला आणि १९९७ पर्यंत नऊ वेळा जिंकला. ज्या लोकांना चौकात तोंड उघडता येत नव्हतं, ते स्टेडियममध्ये गळा फाडून ओरडायला लागले. लक्ष उडवायला आणलेला खेळ लोकांनी आपला करून घेतला. हे घडलं ते संघाला गाव होतं म्हणून.

(पोरींना जागा तिथंही नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. उगाच दुसऱ्याचं कौतुक जास्त नको.)

आता आपल्या लीगकडे बघा. मुंबई खिलाडीज नावाचा संघ, पण मुंबईत एकही सामना नाही. चेन्नईचा चेन्नईत नाही, राजस्थानचा राजस्थानात नाही. पहिल्या वर्षी सगळे पुण्यात, दुसऱ्या वर्षी सगळे कटकमध्ये. टीव्हीला ते सोयीचं पडतं, खर्च कमी होतो, मान्य. पण धाराशिवच्या पोरानं कुणासाठी ओरडायचं? मी ओडिशासाठी ओरडलो, कारण सूर मारणारा आपला होता. आपल्या माणसासाठी परक्या संघाच्या नावानं ओरडायचं, असं हे विचित्र होतं.

आणि पोरींचं तर काहीच नाही. इतिहास बघितला तर ह्याची जास्त लाज वाटते. १९५९-६० मध्ये विजयवाड्याला खो-खोची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती पुरुषांची. महिलांसाठी किती थांबावं लागलं? एक वर्ष. १९६०-६१ ला कोल्हापुरात महिलांची राष्ट्रीय स्पर्धा झालीसुद्धा. म्हणजे साठ वर्षांपूर्वी, नऊवारी आणि पदराच्या जमान्यात, आपल्या आधीच्या लोकांना एका वर्षात जे जमलं, ते एवढा पैसा आणि एवढे कॅमेरे असताना दोन हंगामांत जमलं नाही.

कुणी म्हणेल, पोरींचा खो-खो बघणार कोण? त्याचं उत्तर जानेवारी २०२५ मध्ये मिळालं. १३ ते १९ जानेवारी, दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये पहिला खो-खो विश्वचषक झाला. २३ देश आले होते. भारताच्या पुरुषांनी नेपाळला ५४-३६ असं हरवलं. कर्णधार तोच आपला प्रतीक वाईकर. आणि महिलांनी? त्यांनीही नेपाळलाच हरवलं, पण ७८-४० असं. कर्णधार प्रियंका इंगळे. आणि त्या संघात आपल्या धाराशिवची अश्विनी शिंदे होती! लीगमध्ये तीन-तीन आठवडे खेळून, पगार घेऊन तयार झालेल्या पोरांचा विजय अठरा गुणांनी. कुठलीही लीग नसलेल्या पोरींचा अडतीस गुणांनी. समोरचे संघ वेगळे, तुलना काटेकोर नाही, हे मलाही कळतं. पण बघणार कोण, हा प्रश्न आता कुणी विचारू नये.

त्या दिवशी माझ्या मोबाइलवर पुतणीचा मेसेज आला नाही. मीच तिला फोन केला. ती पळायला गेली होती. खो-खोच्या सरावाला नाही, पोलिस भरतीच्या. ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. खेळ तिनं बारावीनंतर सोडला. विभागीयपर्यंतच पोहोचली होती, राज्याचं पदक नाही, त्यामुळं पाच टक्क्यांत ती बसत नाही. भाऊ म्हणाला, आता पोटाचं बघू. मी काय बोलणार? फोनवर तिला म्हणालो, "आपल्या अश्विनीनं वर्ल्डकप जिंकला, बघितलास का?" ती म्हणाली, "बघितला की. लई भारी." आणि थोडं थांबून, "काका, पळताना अजून कधीकधी आपोआप हुलकावणी बसती. सर म्हणत्यात, भरतीत सरळ पळायचं असतंय."

मी हसलो. फोन ठेवल्यावर मात्र हसू आलं नाही.

प्रत्येक पोरगी सारिका काळे होत नसते. शंभर खेळतात तेव्हा एखादी तिथं जाते. प्रश्न उरलेल्या नव्व्याण्णवचा आहे. पोरांच्या खो-खोत आता त्या नव्व्याण्णवांपैकी काहींना तरी लाखाचा का होईना, एक जिना दिसतो. पोरींना तो दिसत नाही. बारावी झाली की मैदान संपतं.

मग मागायचं काय? माझ्या अकलेप्रमाणे तीन गोष्टी. एक, पुढच्या हंगामात महिलांचे चार संघ तरी काढा, मग सामने कमी असले तरी चालतील. दोन, ओडिशानं केलं ते महाराष्ट्र सरकारनं करावं, एक संघ घ्यावा, महिलांचा घेतला तर दुधात साखर. तीन, सगळे सामने एका शहरात कोंडू नका. दोन-चार तरी खो-खोच्या गावांत द्या. सांगलीला द्या, वेळापूरला द्या, आपल्या तुळजाभवानी स्टेडियमवर द्या. लाइट कमी पडतील, पण माणसं कमी पडणार नाहीत, ह्याची हमी मी देतो.

आपले आमदार, खासदार, पालकमंत्री यांच्यासोबत विश्वचषकानंतर सगळ्यांनीच फोटो टाकले. त्या फोटोंच्या खाली हा प्रश्न विचारा: साहेब, पोरींच्या लीगचं काय?

आणि पत्रकार म्हणून माझ्यापुरतं एक ठरवलंय. ह्यापुढं तालुका पातळीवरची मुलींची खो-खोची फायनल असली तरी मी स्वतः जाणार आणि बारा ओळी लिहिणार. बाराच्या बारा इथं टाकणार. इथं कापणारं कुणी नाही.

तुमच्या गावात, तुमच्या शाळेत खो-खो खेळलेली एखादी आई, बहीण, वहिनी असेल तर तिला ही पोस्ट दाखवा. तिच्या वेळी मैदान कुठं होतं, फक्की कोण आखायचं, आणि तिनं खेळ कधी, का सोडला, हे तिला विचारा आणि खाली लिहा. आपल्या जिल्ह्याच्या खो-खोचा खरा इतिहास त्यांच्याकडेच आहे. आजवर आपण तो विचारलाच नाही.